खाऱ्या पाण्यातला संसार

आम्हां गोमंतकीयांचा आणि माशाचा संबंध पूर्वापार दोनच ठिकाणी जडलेला: एक स्वयंपाकघरात आणि दुसरा देवळाच्या तळीवर. स्वयंपाकघरातल्या माशाविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. त्याविषयी आमच्या समाजात मतभेदही फारसे नाहीत. तळीतला मासा मात्र देवाचा. त्याला चुरमुरे टाकावेत, तोंड वर काढून तो ते टिपताना पाहावे, पण गळ टाकण्याचा विचारही मनात आणू नये, हे कोणी न शिकवता आम्ही लहानपणीच शिकलो. गेल्या काही वर्षांत आमच्या अंत्रुजातल्या घरी माशाला एक तिसरी जागा मिळाली आहे, आणि तिला काय म्हणावे याचा निर्णय आमच्या नातलगांना अद्याप करता आलेला नाही. ही जागा म्हणजे देवघरालगतच्या खोलीतील काचेच्या पेट्या. त्यांत समुद्राचे पाणी आहे, आणि त्या पाण्यात आम्ही उभयता विदूषक माशांची वीण वाढवतो.

केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा मासा आता बोलपटांमुळे पोराबाळांनाही ठाऊक आहे. आपल्या देशात तो अंदमानच्या समुद्रात सापडतो. समुद्रपुष्पाच्या विषारी शुंडकांत तो निर्धास्तपणे राहतो आणि सहसा त्याच्यापासून दूर जात नाही. पेटीत समुद्रपुष्प नसले तरी त्याचे अडत नाही. आमच्याकडे एका जुन्या कौलाच्या तुकड्यालाच त्याने आपले घर मानले आहे.

गोड्या पाण्यातले मासे घरी वाढवणे हे काही मोठे कौतुक नव्हे. गप्पीची मादी तर जिवंत पिल्लेच घालते; एकदा आणली की डबे अपुरे पडतात. समुद्रातल्या माशांचे तसे नाही. त्यांपैकी बहुतेक आपली अंडी लाटांवर सोडून देतात, आणि त्यांतून निघणारे डिंभ कित्येक दिवस वाहत राहतात. म्हणूनच बाजारातला समुद्री शोभेचा मासा पुष्कळदा प्रवाळाच्या खडकांतून धरून आणलेला असतो. फिलिपाइन्समध्ये १९६० नंतरच्या काळात त्यासाठी पाण्यात सायनाइडची फवारणी करण्याची रीत पडली. मासा गुंगतो आणि हाती लागतो. पुढे पुष्कळ मासे मरतात, आणि ज्या प्रवाळावर ते विष पडते त्याचीही हानी होते. असा मासा दिवाणखान्याची शोभा म्हणून ठेवणे आम्हांस रुचले नसते. आमची पहिली जोडी पेटीतच जन्मलेली होती. हे शक्य झाले ते विदूषक मासा अंडी वाहू देत नाही म्हणून. तो ती खडकाला चिकटवतो आणि त्यांची राखण करतो. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम व विळिंजम येथील केंद्रांत या माशांची पैदास करून दाखवली आहे.

पहिला प्रश्न पाण्याचा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि हे प्रमाण फार हलून चालत नाही. मृगाचा पाऊस लागला की मांडवी-जुवारीच्या तोंडाशी पाणी इतके निवळ होते की ते आमच्या उपयोगाचे राहत नाही. म्हणून मे महिन्यातच कॅन भरून आणून काळोख्या खोलीत साठवावे लागतात. लोणची-पापडांच्या बेगमीबरोबर समुद्राचीही बेगमी करणारे घर आमच्या वाड्यावर हे एकच. उबेची मात्र काळजी नाही. या माशांना सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते, आणि तेवढी ऊब आपल्या हवेतच आहे.

अंडी घालण्यापूर्वी नर-मादी दोघेही कौल तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करतात. मग मादी त्यावर ओळीने काही शेकडा अंडी चिकटवते आणि तिचे काम बहुतांशी संपते. पुढची सारी दाई नराकडे. पंखांनी वारा घालावा तसे तो अंड्यांवर पाणी घालत राहतो, मेलेले अंडे तोंडाने उचलून बाजूस करतो, आणि काच पुसायला हात घातला तर चावायला येतो. निसर्गात या माशांच्या काही जातींची अंडी पौर्णिमेच्या सुमारास पडतात असे निरीक्षकांनी नोंदले आहे. आमचे जोडपे मात्र तिथी-वार पाळत नाही. केशरी अंडी हळूहळू काळवंडतात, मग त्यांत रुपेरी डोळे दिसू लागतात, आणि आठव्या-नवव्या दिवशी, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत ती फुटतात.

खरी कसोटी येथून पुढे. फुटून निघालेला डिंभ चार मिलिमीटरांचाही नसतो, आणि त्याला काही तासांतच जिवंत, हालते अन्न लागते. ते अन्न म्हणजे रोटिफर, डोळ्यांना जेमतेम धुळीसारखा दिसणारा जीव. रोटिफर जगवायचे तर त्यांना हिरवे शैवल हवे, आणि शैवल जगवायचे तर ऊन, खत आणि हवा हवी. तेव्हा माशांची पैदास म्हणजे निम्म्याहून अधिक शैवलाची शेती. आमच्या खिडकीतल्या हिरव्या बरण्या पाहून पाहुणे कसला काढा करता असे विचारतात. पहिल्या तिन्ही विणींतले एकही पिल्लू हाती लागले नाही. चौथीतली अकरा जगली. दहाव्या दिवशी त्यांतल्या एकाच्या डोक्यामागे पांढरा पट्टा उमटलेला दिसला, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना हाक मारून बोलावले. त्यांना काहीच दिसले नाही, पण त्यांनी बरे वाटावे म्हणून मान डोलावली.

आमच्या घरी ऐंशी उलटलेल्या काकी आहेत. या उद्योगाला त्यांचा प्रारंभी विरोधच होता: जीव पेटीत कोंडायचा आणि त्याला पाळणे म्हणायचे, हे त्यांना पटेना. हा आक्षेप पोकळ आहे असे आम्ही आजही म्हणणार नाही. परंतु तीन वर्षांमागे एका सकाळी मादी मरून पडलेली दिसली, तेव्हा काकीच खुर्ची ओढून पेटीसमोर बसल्या. नर कौलाभोवती घिरट्या घालत होता. "हो आतां एकलो," एवढेच त्या बोलल्या.

या माशांत जन्मतः मादी कोणी नसते. समूहात सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालचा नर, आणि बाकीचे लहान नुसतेच वाट पाहत राहतात. मादी गेली की नरच हळूहळू मादी होतो, आणि लहानांतला मोठा त्याची जागा घेतो. फ्रिके दांपत्याने १९७७ साली यावर 'नेचर' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. (२००३ सालच्या त्या प्रसिद्ध बोलपटात आई गेल्यावर बापच पोराला शोधत हिंडतो, निसर्गनियमाने पाहता त्याला एव्हाना आई व्हायला हवे होते. नातवंडांना हे सांगितल्याबद्दल आम्हांला घरात बोलणी खावी लागली.) आम्ही घरच्याच विणीतला नव्हे, दुसरीकडून आणलेला एक लहान मासा त्या एकट्याजवळ सोडला. काही महिन्यांत एकटा अंगाने वाढला, वागणुकीत करडा झाला, आणि एका संध्याकाळी कौलावर अंडी दिसली.

काकींना हे सारे समजावून सांगताना आम्ही जरा अवघडलो होतो. त्यांनी निमूटपणे ऐकले. काका गेले तेव्हा काकी तिशीच्या आत होत्या. कुळागराचे कागद, पाडेल्यांचा हिशेब, देवळातल्या उत्सवाची वर्गणी, सारे त्यांनीच पाहिले. सुपारीच्या व्यापाऱ्याशी बोलताना त्यांचा आवाजच बदलत असे, अशी आठवण आजही सांगतात. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "घर चलपाक जाय रे!" आणि त्या दिवसापासून माशांना सकाळचे अन्न घालण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले.

वाढलेली पिल्ले कोठे जातात, असे सर्वच विचारतात. काही ओळखीच्यांकडे, काही पणजीच्या एका व्यापाऱ्याकडे. तेवढे मासे तरी कोणाला खडकांतून धरावे लागत नाहीत. गेल्या नारळी पौर्णिमेला देवळातल्या मंडळींनी आग्रह धरला, की नारळाबरोबर शंभरेक पिल्लेही समुद्रास अर्पण करावीत, पुण्य लागेल. त्यांचा भाव निर्मळ होता, तरी आम्ही नकार दिला. आपल्या किनाऱ्यावर त्यांना घर सापडणार नाही. समुद्रपुष्पावाचून उघड्यावर पडलेले पिल्लू घटकाभरात कोणाच्या तरी तोंडी जाते, आणि पेटीतला एखादा रोग समुद्राला द्यावा हेही बरे नव्हे. समुद्राला देण्यासारखे आपल्या सरकारने ठरवलेलेच आहे: जून-जुलैचे एकसष्ट दिवस जाळे टाकायचे नाही. तेवढे पाळले तरी पुष्कळ, असे आम्ही म्हणालो. दोघे-तिघे रागावले. पुजारीबुवा हसले आणि मासे पाहायला येतो म्हणाले. ते अजून यायचे आहेत.

हे लिहीत असता कौलावरच्या अंड्यांना रुपेरी डोळे आले आहेत. आज रात्री आठ वाजता त्या खोलीतला दिवा मालवायचा आहे. देवघरातली समई तेवत असेल, म्हणून काकींनी मधल्या दाराला आपले जुने लुगडे दुहेरी करून लावले आहे, आणि आम्ही विजेरी, नळी व रोटिफरांची बरणी उशाशी ठेवून बसलो आहोत.