नखापासून सुरुवात

पहिली दहा मिनिटं पिशवीतून स्टेथो काढायचा नाही, असा नेरडीगोंड्यातल्या पोस्टिंगचा माझा नियम आहे. नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या मुली नाराज होतात. स्टेथो नवा असतो, नळीचा रंग आवडीने निवडलेला असतो, आणि तो गळ्यात घालून गावातून चालायची हौस त्या वयात मलाही होतीच. पण म्हातारीच्या ओसरीवर टेकेपर्यंत तो पिशवीतच. आधी तिचा हात हातात घ्यायचा.

पुस्तकातली तपासणी डोक्यापासून सुरू होते. केस, टाळू, डोळे, कान, मग मान, छाती, पोट, शेवटी पाय. फॉर्मही त्याच क्रमाने छापलेला असतो. आपल्या भाषेत मात्र शब्द आहे ‘नखशिखांत’, नखापासून शेंडीपर्यंत. कामाच्या दृष्टीने मला हा शब्द फॉर्मपेक्षा शहाणा वाटतो. अनोळखी पोरगी घरात शिरली आणि तिने थेट डोक्याला हात लावला, तर कोणाला रुचेल? हात पुढे करायला मात्र कोणाची ना नसते. कासारापुढे बांगड्या भरायला करावा, तसा बाया तो सहज पुढे करतात.

आणि त्या एका हातात किती काही असतं! तळवा गार की गरम, कोरडा की घामेजलेला. कातडीला पडलेले घट्टे, कापूस वेचून बोटांना आलेले ओरखडे. नखावर दाबलं की ते पांढरं पडतं, सोडलं की 2 सेकंदांच्या आसपास लाली परत यायला हवी. आदिलाबादकडच्या डिसेंबरातल्या पहाटे हा हिशेब चुकतो, कारण थंडीने बोटंच गारठलेली असतात. म्हणून आधी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून जरा ऊब द्यायची, मग दाबायचं. नख मध्ये खोलगट होऊन चमच्यासारखं झालं असेल, तर लोहाची कमतरता जुनी आहे असं समजावं. दोन्ही हातांच्या त्याच बोटांची नखं पाठीला पाठ लावून उजेडात धरली की मध्ये शंकरपाळीच्या आकाराची बारीकशी फट दिसते. ती बुजली असेल, तर फुप्फुसं आणि हृदय जास्त लक्ष देऊन तपासावी लागतात. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने ही खूण 1976 साली नोंदवली, तीही स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवरून. हे सांगितलं की वर्गातल्या सगळ्या मुली आपापली नखं जुळवून बघतात. दोघीतिघी घाबरतात, मग हसतात.

आमच्या पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. ओठ निळे दिसतात, गाल फिके दिसतात, पुरळ लाल दिसतो. नेरडीगोंड्याच्या आसपासच्या गोंड, कोलाम किंवा लंबाडा वस्तीत ती चित्रं डोळ्यांपुढे धरून बसाल, तर हाती काही लागणार नाही. सावळ्या अंगावर फिकेपणा शोधायचा तो खालची पापणी ओढून, जिभेवर आणि तळव्यावर. निळेपणा ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर. कावीळ बघायची ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, तीही दाराशी आणून, दिवसाच्या उजेडात. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात सगळ्यांनाच कावीळ असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही डोळे मिटून विसंबू नये. काळ्या कातडीवर ते यंत्र काही वेळा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, हे कोविडच्या पहिल्याच वर्षी, 2020 साली, अमेरिकेतल्या रुग्णांच्या आकड्यांवरून ठळकपणे पुढे आलं. पडद्यावर 94 दिसतंय आणि बाई वाक्य पुरं करू शकत नाही, तर बाईवर विश्वास ठेवायचा.

नेरडीगोंडा म्हणजे आदिलाबाद आणि निर्मलच्या मधलं, 44 नंबरच्या हायवेवरचं मंडलाचं गाव. पावसाळ्यात इथून कुंतालाचा धबधबा बघायला गाड्या वळतात. कडम नदीवरचा तो धबधबा साधारण 45 मीटर उंचीचा, आणि त्याच दिवसांत आतल्या वस्त्यांमध्ये तापाची साथ. गाडीतून येणाऱ्यांना पाऊस एक दिसतो, आम्हाला दुसरा. रस्त्याकडेच्या घरात बीपी घेत बसलं की नागपूर-हैदराबादचे ट्रक नेमके पाऱ्याच्या महत्त्वाच्या जागी हॉर्न देतात.

माझं माहेर पलीकडचं, नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडचं. 1956 पर्यंत इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यातच होतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि किनवट, राजुऱ्याबरोबर तेही तोडून तिकडे जोडलं गेलं. रेघ सरकली, नातीगोती आणि भाषा राहिल्या. म्हणून इथल्या ओसरीवर तेलुगू, गोंडी, लंबाडी, मराठी, हिंदी असं सगळं एकाच वेळी चालू असतं, आणि आशाताई मध्ये बसून सगळ्यांचं सगळ्यांना सांगते. या सरमिसळीचा एक खड्डा मात्र मराठी मुलींना मी आधीच दाखवून ठेवते. आपल्याकडे आयास म्हणजे कष्ट, दगदग. तेलुगूत ‘आयासम्’ म्हणजे धाप. एका पोरीने म्हाताऱ्याची तक्रार ‘थकवा’ अशी लिहून आणली होती. म्हातारा बापडा चार पावलांत दम लागतो, असं सांगत होता.

आता माझी स्वतःची चूक. शिकत होते तेव्हाची. वॉर्डात सातव्या महिन्याची एक बाई आली. पायात चांदीचे जाड तोडे, वर्षानुवर्षं न काढलेले. फॉर्म भरायचे अजून चार बाकी, जेवणाची वेळ झालेली. पायाच्या रकान्यात मी ‘सूज नाही’ लिहून मोकळी झाले. पाय दुरून बघितले होते, हात लावला नव्हता. राउंडला आलेल्या मोठ्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझा अंगठा धरला, बाईचा तोडा दोन बोटं वर सरकवला, नडगीच्या हाडावर माझाच अंगठा टेकवून दाबून धरला. पाच सेकंद. उचलला तेव्हा तिथे खळगा पडला होता, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा, आणि तो भरून यायला तयार नव्हता. तोड्याखाली तर कातडीला पन्हळच पडली होती. मग बीपी बघितलं, ते चढलेलं. लघवी तपासली, डॉक्टरांना बोलावलं, पुढची सगळी धावपळ झाली. आई आणि बाळ दोघंही सुखरूप घरी गेली. त्यात माझा वाटा काहीच नव्हता.

तेव्हापासून ‘नॉर्मल’ हा शब्द मला फॉर्मवर खपत नाही. काय बघितलं ते लिहा: ‘दोन्ही नडग्या दाबल्या, खळगा नाही.’ नसेल बघितलं तर ‘बघितलं नाही’ असं लिहा. मुलींना हे लिहिणं फार जड जातं, मार्क कापले जातील असं वाटतं. उलट कोऱ्या प्रामाणिक रकान्याचं मी काही कापत नाही, भरलेल्या खोट्याचे सगळे कापते. एकदा एका लंबाडा आजीच्या दोन्ही दंडांवर पांढऱ्या बांगड्यांची चवड होती, कोपरापासून पार वरपर्यंत. पट्टा बांधायला जागाच नाही. बांगड्या काढायला सांगणं तर शक्यच नव्हतं. मुलीने पट्टा मनगट आणि कोपराच्या मध्ये बांधला, मनगटाची नाडी चाचपून वरचा आकडा घेतला, आणि पुढे लिहिलं, ‘पुढच्या हातावर घेतलं, बांगड्यांमुळे.’ दंडावरचा आणि पुढच्या हातावरचा आकडा एकच नसतो. तेवढ्या एका ओळीमुळे पुढच्या महिन्यात येणाऱ्या मुलीला तो कशाशी ताडून बघायचा ते कळलं.

बघणं, चाचपणं, ठोकणं, ऐकणं, असे तपासणीचे चार भाग. त्यातलं ठोकणं आता मागे पडत चाललंय, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या जमान्यात कोण टकटक करत बसतो? मी मात्र ते शिकवते, आणि शिकवते अंगणातल्या पाण्याच्या निळ्या ड्रमवर. डाव्या हाताचं मधलं बोट ड्रमला घट्ट टेकवायचं, उजव्या मधल्या बोटाने त्यावर मनगटातून टिचकी द्यायची. वर पोकळ आवाज, खाली बद्द. आवाज जिथे बदलतो तिथे खडूने रेघ, मग झाकण उघडून बघायचं. ही काही माझी शक्कल नाही. 1761 साली छाती ठोकून तपासायची रीत ज्याने पुस्तकात मांडली, तो लिओपोल्ड औएनब्रुगर ग्राझच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. बापाच्या तळघरातली पिंपं किती भरलीत हे ठोकून ओळखतात, हे तो लहानपणापासून बघत आला होता, असं सांगतात. ड्रम जमला की छाती जमते. उजव्या बाजूला वरून ठोकत खाली आलं की पोकळ आवाज जिथे बद्द होतो, तिथे यकृत.

पोटाला मात्र क्रम बदलतो, आणि परीक्षेत निम्म्या मुली इथेच अडकतात. पोट आधी बघायचं, मग ऐकायचं, मग ठोकायचं, चाचपायचं सगळ्यात शेवटी. आधीच हात घातला तर आतड्यांचे आवाज बदलतात, आणि दुखत असेल तर माणूस पोट आवळून धरतो. पानथरी शोधायचीही एक खोड आहे. ती असते डावीकडे, बरगड्यांखाली, म्हणून मुली थेट तिथेच बोटं खुपसतात. ती फार वाढलेली असली तर बोटं तिच्यावरच असतात, कडा लागतच नाही, आणि मुलगी ‘पानथरी लागली नाही’ लिहून मोकळी! सुरुवात करायची बेंबीच्या उजवीकडून, खालून, आणि दर श्वासाला बोटभर वर डावीकडे सरकायचं. या भागात हे उगाच सांगत नाही. आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे, मलेरियाही आहे, दोन्हींत पानथरी वाढते. सिकलसेलच्या लहान मुलात ती एका दिवसात फुगून रक्त अडवून धरू शकते, पोर पांढरंफटक पडतं. 2047 पर्यंत सिकलसेल हटवायचं म्हणून 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्त तपासलं जातं, कार्ड मिळतं. पण मध्यरात्री पोराचं पोट चाचपणार आईच. म्हणून कार्ड असलेलं पोर दिसलं की मुली आईचाच हात धरून तो त्याच्या पोटावर फिरवतात. सिस्टरांनी माझा अंगठा धरला होता, तसाच.

सगळ्यात सोपं म्हणून सगळ्यात वाईट केलं जातं ते श्वास मोजणं. कुठल्याही वॉर्डातले टीपीआरचे, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे, चार्ट काढून बघा, श्वास सगळ्यांचे 20, मेल्यानंतरही बहुधा 20च. खरं तर घड्याळ आणि डोळे सोडून त्याला काहीच लागत नाही. मोठ्या माणसाला मोजतोय हे कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच मोजतोय असं दाखवत छातीकडे बघायचं. बाळाचे मोजायचे ते आईच्या मांडीवर, ते शांत असताना. झबलं हळूच वर करून पोटाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40. खोकणाऱ्या बाळाचा आकडा तिथे पोचला की न्यूमोनिया समजून पुढे पाठवायचं. बाळ रडायला लागलं की मोजणं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कान, घसा, थर्मामीटर, त्याला चिडवणारं जे काही ते सगळं नंतर.

आणि नेमक्या त्याच मिनिटाला घरातलं कोणीतरी विचारतं, चहा घेणार का? आजी बाळाला खेळवायला खुळखुळा वाजवते, शेजारीण गोळ्यांचं विचारते. मुलगी 31 पर्यंत आलेली असते, ती मान हलवते आणि आकडा हरवतो. तुमच्याही घरी कधीतरी सिस्टर येईल. घड्याळ हातात धरून बाळाच्या पोटाकडे एकटक बघत ती गप्प बसली असेल, तर तेवढं एक मिनिट तिच्याशी बोलू नका. चहा नंतर विचारा, ती घेईल.