टेलर स्विफ्ट यांचीं गाणीं : कांहीं गुणदोष

आमच्या घरांत तीन पिढ्या एका छताखालीं नांदतात. परंतु गाण्याच्या बाबतींत त्यांचें एकमत सहसा होत नाहीं. वडील मंडळींच्या मतें आजचें इंग्रजी गाणें म्हणजे निव्वळ गोंगाट. मुलांच्या मतें टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेनें लिहिलेलें अक्षर न् अक्षर वेदवाक्य. हीं दोन्ही मतें गाणें नीट न ऐकतांही देतां येतात, ही त्यांतली मोठी सोय! माझा सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. गुण व दोष वेगळे करून पाहण्याची संवय सुटत नाहीं. म्हणून थोरल्या नातीला शेजारीं बसवून, शब्द समोर ठेवून, मीं हीं गाणीं सावकाश ऐकलीं. जें वाटलें तें वाचकांपुढें ठेवितों.

स्विफ्टबाईंचा जन्म १९८९ सालचा. पहिला गीतसंग्रह २००६ मध्यें निघाला तेव्हां त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढें २०१० च्या ‘स्पीक नाऊ’ या मूळ संग्रहांतील सर्व गीतें त्यांनीं एकटीनें रचलीं. तेव्हां हें लेखन दुसऱ्याचें, असा आक्षेप टिकत नाहीं.

त्यांचा पहिला गुण म्हणजे लहानशा वस्तूवर मोठा भार टाकण्याचें धाडस. २०१२ च्या ‘ऑल टू वेल’ या गीतांत नायिकेचा गळपट्टा प्रियकराच्या बहिणीच्या घरीं राहून जातो. शाकुंतलांत अंगठी सांपडतांच राजाची स्मृति परत येते. येथें गळपट्टा परत येत नाहीं, पण प्रियकरानें तो अजून जपून ठेवला आहे, एवढ्यावरूनच त्याला विसर पडला नसल्याचें कळतें. दुःखाचें नांव न घेतां दुःख पोंचतें. आनंदवर्धनानें ज्याला ध्वनि म्हटलें, तो याहून फार निराळा नसावा.

दुसरा गुण परकायाप्रवेशाचा. २०२० च्या ‘फोकलोर’ संग्रहांत ‘कार्डिगन’, ‘ऑगस्ट’ व ‘बेटी’ या तीन गीतांतून एकाच प्रेमकथेकडे तिघांच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्यांतील अपराधी मुलगा सतरा वर्षांचा; त्याची अडखळती क्षमायाचना बाई त्याच्याच तोंडून वदवितात. दुसऱ्या कोणी जिला खलनायिका ठरवून हात झटकले असते, त्या मुलीलाही त्यांनीं तिचें स्वतःचें दुःख दिलें आहे.

आतां दोष. बाईंना स्वतःच्या अपमानाची याद फार काळ पुरते. २०१७ च्या ‘लुक व्हॉट यू मेड मी डू’ सारख्या गीतांत राग आहे, पण तो कोणावर हें कळण्यास वर्तमानपत्रांतील चहाटळकी ठाऊक असावी लागते. ज्या काव्याची टीका बातम्यांत शोधावी लागते, तें बातम्यांबरोबरच शिळें होतें. भट्टनायकानें सांगितलेलें साधारणीकरण, म्हणजे एकाचें दुःख सर्वांचें होणें, तेथें घडत नाहीं.

दुसरा दोष आवरतें न घेण्याचा. २०२४ सालीं मध्यरात्रीं सोळा गीतांचा संग्रह निघाला, आणि दोन तासांनीं आणखी पंधरा गीतें! निवड करण्याचें काम श्रोत्याच्या गळ्यांत पडलें. ‘ऑल टू वेल’ चाच दाखला घ्या. मूळचा लांबलचक मजकूर लिझ रोझ या सहलेखिकेच्या मदतीनें आटोपशीर झाला होता. २०२१ मध्यें तेंच गीत दहा मिनिटांचें होऊन आलें व अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या यादींत पहिलें ठरलें. वाढलेल्या कडव्यांत गाऱ्हाणीं वाढलीं. गळपट्ट्याचें वजन मात्र मला कमी झाल्यासारखें वाटलें. नातीला हें मुळींच मान्य नाहीं. “आजोबा, खरें दुःख असें मोजून मापून असतें का?” असें तिनें विचारलें. दुःख मोजून मापून नसतें. गाणें असावें लागतें, एवढेंच माझें उत्तर.

‘एव्हरमोअर’ संग्रहांतील ‘मार्जोरी’ या गीताबद्दल मात्र आमचा वाद नाहीं. बाईंची आजी मार्जोरी फिनले ऑपेरा गायिका होती. ती २००३ सालीं वारली, तेव्हां नात तेरा वर्षांची. तिला पुष्कळ विचारावयाचें राहून गेलें, तिच्या हातच्या वाणसामानाच्या पावत्यासुद्धां जपावयास हव्या होत्या, अशी ती हळहळ; आणि शेवटीं आजीचाच जुना मुद्रित स्वर मागून ऐकूं येतो. माझी पत्नी पहांटे देवघरांत भूपाळी म्हणत असे. तो आवाज आतां ऐकणाऱ्यांच्या कानांतच काय तो उरला आहे. इंग्रजीचें अक्षर न जाणणाऱ्या माझ्या वहिनींना नातीनें गीताचा अर्थ सांगितला. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “पुन्हां लाव.”

वाणसामानाच्या पावतीइतकी क्षुद्र वस्तु, परक्या देशांतली परकी आजी. तरी साधारणीकरण घडलें. वाद जिंकण्यासाठीं लिहिलेल्या गाण्यांना जें साधलें नाहीं, तें येथें साधलें. बाईंच्या पुढल्या लेखनांत गाऱ्हाणीं कमी व पावत्या अधिक याव्यात, अशी एका म्हाताऱ्या मास्तराची इच्छा आहे. घरोघरच्या वडील मंडळींनीं मात्र तोंवर कान बंद ठेवूं नयेत.