गाणी गोळा करणाऱ्या गौरीस

चि. गौरी हिस,


जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत तू गावोगाव हिंडते आहेस, याचं मला भारी कौतुक आहे. पण परवा फोनवर तू म्हणालीस, ‘बाहेर माणसं हक्कांसाठी लढताहेत आणि मी म्हाताऱ्यांची गाणी गोळा करत बसलेय.’ ते वाक्य मनातून जाईना, म्हणून तुला नवांग चोफेल या तुझ्यासारख्याच गाणी गोळा करणाऱ्या तिबेटी माणसाविषयी लिहिते आहे.

हा १९६६ साली तिबेटात जन्मला. दोन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन भारतात आली. वाढला कर्नाटकात, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत, वडीलधाऱ्यांची गाणी ऐकत. पुढे शिकला धरमशालेच्या ‘तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये. या संस्थेची सुरुवात १९५९ची, म्हणजे दलाई लामा भारतात आले त्याच वर्षाची. डोक्यावर धड छप्पर नसताना या लोकांनी आधी गाण्याची सोय लावली! ढोल आणि झांज एवढ्याच साथीवर उघड्यावर रंगणारं ‘ल्हामो’ हे संगीतनाट्य, सहा तारांचं ‘ड्रान्येन’, सणासुदीची नाचगाणी, सगळं तिथे हाताला धरून शिकवलं जातं.

नवांग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकला आणि १९९५ साली कॅमेरा घेऊन तिबेटात गेला. पेरणीची, लोणी घुसळतानाची, लग्नातली गाणी त्याला टिपायची होती. रस्त्यांवर, दुकानांत कानी पडत होती चिनी गाणी आणि सरकारी प्रचार. जुनं गाणारं माणूस शोधत हिंडावं लागत होतं. काही टेप त्याने आधीच भारताकडे रवाना केल्या होत्या, हे नशीबच म्हणायचं. कारण त्याच वर्षी चिनी अधिकाऱ्यांनी शिगात्सेत त्याला पकडलं आणि १९९६मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली १८ वर्षांची शिक्षा ठोठावली. गौरी, लोकगीतं गोळा करणाऱ्याला १८ वर्षं!

त्याची आई सोनम डेक्यी दिल्लीत जंतरमंतरला बसून राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलाची हकिगत सांगत. २०००मध्ये तिला त्याची भेट मिळाली. जानेवारी २००२मध्ये प्रकृतीच्या कारणाने तो सुटला. तुरुंगातही त्याने सोबतच्या कैद्यांकडून गाणी शिकून घेतली होती. पुढे त्याचा ‘तिबेट इन साँग’ हा माहितीपट आला आणि २००९मध्ये सनडान्स महोत्सवात ज्युरींचं विशेष पारितोषिक मिळवून गेला. तो जरूर बघ.

चिनी सरकारला एवढी भीती कशाची वाटली असेल? मला वाटतं, त्या गाण्यात शेत कोणतं, पीक कोणतं, देव कोणता, लेकीला हाक कशी मारायची, हे सगळं येतं. इथे एक वेगळी भाषा बोलणारे, वेगळ्या रीतीने जगणारे लोक राहत होते, याची साक्ष पेरणीचं साधं गाणंसुद्धा देतं. घोषणा बंद पाडता येते. आजीने नातीच्या कानात घातलेलं गाणं बंद पाडायला आजी आणि नात यांचीच ताटातूट करावी लागते.

गाण्याची हीच धास्ती तुरुंगातही दिसली. ल्हासाच्या द्रापची तुरुंगात १९९३ साली १४ भिक्षुणींनी चोरून आत आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरली. घरच्यांसाठी, देशासाठी गायलेली. ती कॅसेट बाहेर पडली, जगभर वाजली आणि आत त्यांच्या शिक्षा ५ ते ९ वर्षांनी वाढल्या. त्यांतली नवांग सांगड्रोल या तुरुंगात आली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. ती २००२मध्ये सुटली.

तिबेटाबाहेर पडलेल्यांनीही गाण्याचा हा धागा सोडलेला नाही. युंगचेन ल्हामो १९८९मध्ये हिमालय ओलांडून आली. आजीने शिकवलेलं ती परदेशातल्या मोठ्या सभागृहांत, बहुधा साथीशिवाय, एकट्या गळ्यावर गाते. धरमशालेत तयार झालेल्या टेचुंगने अमेरिकेत ‘चाकसाम्पा’ मंडळी उभी केली. मोर्च्यासाठी बेतलेल्या नव्या गाण्यांपेक्षा मला हे जुनं गाणं जास्त भिडतं. भाषण ऐकायला नाखूश असलेला माणूस गाणं संपेपर्यंत बसतो आणि मग विचारतो, ही माणसं कुठली, इथे कशी आली?

आपल्याकडेही हे विचारायला लांब जायला नको. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२पासून आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांतून स्वेटर विकायला बसणारे तिबेटी आपण लहानपणापासून बघतो. भाव करतो, रंग बदलून मागतो. तुमच्याकडे पेरताना काय गातात, हे कोणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

लोसर, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं. तेव्हा वसाहतीत गाणी होतात. यंदा आपण दोघी तिथे जाऊ. परवानगीचं पत्र मी आधीच धाडून ठेवते. रेकॉर्डर सुरू करण्याआधी मात्र प्रत्येकाला नीट विचारायचं, कारण त्यांच्यातल्या काहींची माणसं अजून तिबेटात आहेत. परीक्षेच्या तारखा कळव, म्हणजे नागपूरपर्यंतची तिकिटं काढते.

तुझी,
आत्या