संकेतांक ९३

सप्टेंबर २०२३ मध्ये चेन्नईच्या बेसंट नगर येथील आमच्या सरकारी निवासस्थानी दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीला सातवा महिना लागला, आणि आमचे घर नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुन्यात निवडले गेले. पहिल्या गोष्टीमुळे माझी ब्याऐंशी वर्षांची आई कामाला लागली. दुसरीमुळे मी अडचणीत आलो, पण ते मला पुढे कळले.

बाळासाठी नवे सुती कापड आणतो, असे मी आईला म्हटले. ती म्हणाली, "नव्या कापडाला खळ असते. तू आपला सुईत दोरा ओवून दे." कोल्हापूरहून येताना तिने ट्रंकेत स्वतःची चार जुनी नऊवारी लुगडी घालून आणली होती, ती कशासाठी हे तेव्हा उलगडले.

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने पाहावे असे ते काम होते. आई लुगडे खिडकीशी उजेडात धरी. विरलेला भाग बोटांना आधी कळे, डोळ्यांना नंतर. कारण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. काठाजवळचे मजबूत कापड झबल्यांच्या नाड्यांना, पदराकडचे दुपट्यांना, आणि धुऊन धुऊन अगदी मऊ झालेले लंगोटांना. कापड ती कात्रीने कापत नसे. कडेला एक चीर देऊन फाडी, म्हणजे ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूस ठेवी, कारण आतली शिवण बाळाला टोचते. बटण कुठेच नाही. उरलेल्या चिंध्या दुपट्याच्या मधल्या थरात जात आणि वरून धावदोरा पडे. वाया गेलेले कापड मला दिसले नाही. चेन्नईच्या उकाड्यात कुंची कोणाला हवी, असे मी विचारले; तिने तरीही एक खणाची शिवलीच.

शेजारच्या मामींनी आपल्या यजमानांच्या दोन जुन्या वेष्ट्या आणून दिल्या. तान्ह्या मुलाला जुने सुती वस्त्र लागते, हे त्यांना मराठीतून समजावून सांगण्याची गरज पडली नाही. जुन्या साडीची झोळी टांगून तिला त्या 'तूळी' म्हणतात. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या नातीला सरकारी रुग्णालयात 'अम्मा बेबी केअर किट' मिळाले होते. तमिळनाडू शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेली ती सोळा वस्तूंची योजना मला प्रशासक म्हणून नेहमीच आवडली. तरीही त्या बाईंनी आईकडून एक लुगडे मागून नेले.

प्रगणक आला तो याच दिवसांत. तरुण, नम्र मुलगा. आईकडे पाहून त्याने मला विचारले, "या काय करतात?" आई समोरच लंगोट दुमडत बसली होती. मी सहज सांगितले, "काही नाही. वडिलांचे कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते." त्याने ९४ लिहिले. निवृत्तिवेतनधारकांचा तो संकेतांक. माझ्या उत्तरावरून त्याने योग्यच लिहिले.

घरकाम सांभाळून घरासाठी शिवण, विणकाम वा सरपण गोळा करणे यांसारखी कामे करणाऱ्यांसाठी ९३ हा संकेतांक आहे, हे मला माहीत होते. तोही श्रमबलाबाहेरचाच, पण निदान हात हलत असल्याची नोंद त्यात राहते. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत, तमिळनाडूसह, वेळेच्या वापराचे प्रायोगिक सर्वेक्षण झाले. स्त्रियांच्या न मोजलेल्या कामाविषयी त्या सुमारास मी एक टिपण लिहून वरिष्ठांची शाबासकी मिळवली होती. रात्री आईने विचारले, "तो मुलगा माझ्याबद्दल काय विचारत होता?" मी म्हणालो, "पेन्शनबद्दल." "एवढेच?" म्हणून ती दोरा तोडू लागली.

नोव्हेंबरमध्ये नात झाली. ती तीन आठवड्यांची असताना मिचाँग चक्रीवादळ आले. वीज गेली, धुलाईयंत्र बंद पडले, बाजारातले डायपर संपले. पावसाच्या दमट हवेत मुलीने आणलेले जाड टॉवेल दोन दोन दिवस वाळत नव्हते. लुगड्याचे एकपदरी लंगोट मात्र स्वयंपाकघरातल्या दोरीवर काही तासांत कोरडे होत. ते दिवस आम्ही त्यावरच काढले.

शहरी नमुन्यातील घराला तेव्हा चार तिमाहींत चार भेटी असत. दुसऱ्या भेटीसाठी प्रगणक डिसेंबरअखेर आला, तेव्हा मी उत्तर तयार ठेवले होते. परंतु पुनर्भेटीत प्रश्न केवळ मागील सात दिवसांचा असतो. आईने सगळे शिवून होईपर्यंत लांबवलेली डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. सुईला हात लावायची तिला मनाई होती. सात दिवसांत तिने खरोखरच काही केले नव्हते.

मी तसेच सांगितले. त्याने लिहून घेतले. आतल्या खोलीतून आईने हाक मारून विचारले, की तो मुलगा चहा घेतो का कॉफी.