पंचविशीतला लकवा

‘पंचविशीत कुठं लकवा होतो का?’ आज शिरपूरच्या स्टँडवर कानावर पडलं. होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा-भिल्ल पाड्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींमुळे मेंदूची रक्तवाहिनी लहान वयातही तुंबते. अशा वेळी रुग्णाचं रक्तच बदलावं लागतं. एरवी लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत मिळायला हवं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. धुळं इथून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे वेळेत गाठता येतं. पण वेळ मोजायची ती तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तेव्हापासून. मालिश, झाडफूक यांत ती जाते. आधी १०८ला फोन लावावा. आणि सिकलसेलची तपासणी लग्न ठरताना कशाला? ती शाळेतच उरकावी.