यशवंतगडावरचा उजेड

ताईला रेडीत दिलंय, त्यामुळे बेळगावच्या शहापुरातून निघून आंबोली घाट उतरणं आमच्या घरात नवं नाही. रेडीच्या यशवंतगडावर मात्र दिवस मावळल्यावर मी कधी गेलो नव्हतो. गेल्या मिरगात भावोजींसोबत गेलो. तटावर रात्री उजेड फिरतो, असं शेजारची पोरं शपथेवर सांगत होती.

खाडीकाठचा हा गड १८१९ मध्ये इंग्रजांनी सावंतवाडीकरांकडून घेतला. आज ताबा झाडांचा आहे. चिऱ्याचिऱ्यात वडाची मुळं शिरलीत.

आम्ही आत जाऊन उभे राहिलो. बराच वेळ नुसते डास. मग उजेड आला. पिवळट, पुरुषभर उंचीवर. भिंतीवरून सरकला, विझला, पुढे पुन्हा दिसला. मागोमाग कुणी किंचाळल्यासारखा आवाज. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू! भावोजींनी बॅटरी वर मारली, तर कोनाड्यात पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड. उजेडाचा उलगडा उतरताना झाला. पहिल्या पावसात कुर्ल्या बाहेर पडतात. त्या धरायला माणसं बॅटऱ्या घेऊन खाली हिंडत होती. त्यांचा झोत खिंडारातून तटावर पडायचा आणि मध्ये मूळ आलं की विझायचा.

घरी ताईच्या सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "कुर्ले धरणारे असतले. पण भितर जाताना राखणदाराक सांगितलास?"

राखणदार म्हणजे जागा राखणारा, न दिसणारा मालक. तो गडावर आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. परक्याच्या घरात न विचारता शिरलास का, एवढंच त्यांना हवं होतं. मोबाइल घेऊन भूत शोधत येणाऱ्या पोरांपेक्षा मला हे पटतं. ती पोरं घाबरायच्या तयारीनेच येतात.

दुसऱ्या दिवशी त्या मला आरवलीला वेतोबाकडे घेऊन गेल्या. तिथे देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. आमच्याकडे निपाणी-अथणी भागात कोल्हापुरी चपला होतात, त्यामुळे माझी नजर आधी शिवणीवर गेली. काम चोख होतं. तळ बघायला वाकलो, तर सासूबाईंनी दंड धरला.

"हात लावू नको. केळ्यांचो घड ठेव आणि चल, एस.टी. चुकतली."