परमेश्वर प्रयत्नांती की प्रयत्नाआधी?

'प्रयत्नांती परमेश्वर' ही म्हण महाराष्ट्रात कोठेही ऐकू येईल. परंतु ती जितकी कोल्हापूरकरांच्या अंगी मुरलेली आहे तितकी अन्यत्र क्वचितच मुरली असेल. येथे अनेक पेठांत दिवस उजाडतो तो तालमीतील जोर-बैठकांच्या हुंकारांनी. शाहू छत्रपतींनी बांधविलेले खासबागेचे मैदान म्हणजे जणू या म्हणीचे देऊळच होय. लाल माती अंगाला लागल्यावाचून कोणास गदा मिळत नाही, हे येथल्या पोरासोरांसही ठाऊक असते; आणि जो न्याय कुस्तीस तोच परमार्थास, असे आम्ही न बोलता गृहीत धरून चालतो. अंबाबाईची काकड आरती चुकवावयाची नाही, नवरात्रात अनवाणी चालावयाचे, चैत्रात जोतिबाचा डोंगर चढावयाचा. देवाच्या दारीही हजेरीपट असतो आणि त्याची कधीतरी बेरीज होते, अशी आमची समजूत.

अशा गावात मार्टिन लूथरचे मत सांगणे म्हणजे आखाड्यात उतरून 'जोर मारू नका' असे सांगण्यासारखे आहे. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो सत्कृत्यांनी नव्हे, व्रतांनी नव्हे, दानधर्माने नव्हे. तो ठरतो केवळ देवाच्या कृपेने, आणि ती कृपा विश्वासाने पदरात घेतल्याने, असे हे मत. इतक्यावरही लूथर थांबत नाही. तो विश्वाससुद्धा माणसास स्वतःच्या बुद्धीने वा बळाने उत्पन्न करता येत नाही, तोही देणेच, असे त्याने १५२९ सालच्या आपल्या लहान प्रश्नोत्तर-पुस्तकात मुलांना समजेल अशा घरगुती भाषेत लिहून ठेवले आहे. हे ऐकून कोणाही कष्टाळू माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हाच की, मग आळशाचे फावले!

परंतु ज्याने हे मत मांडले तो आळशी नव्हता. १५०५ सालच्या जुलै महिन्यात कायद्याचा हा तरुण विद्यार्थी वाटेने जात असता वादळात सापडला, जवळच वीज कोसळली, आणि जिवाच्या भीतीने त्याने नवस केला: वाचलो तर संन्यासी होईन. आपल्याकडे नवसाचे नारळ वर्षानुवर्षे थकतात. याने पंधरवड्यात एर्फुर्ट येथील मठ गाठून नवस फेडला. मठात उपास, जागरणे, थंडीत उघड्या अंगाने राहणे, यांत त्याने कसर ठेवली नाही. तासन्‌तास तो आपली पापे गुरूपुढे कबूल करी, आणि खोलीत परतताच एखादे राहून गेलेले आठवून पुन्हा धावे. ते ऐकून गुरू स्टाउपिट्झही कंटाळे. लूथर पैलवानच होता म्हणा ना, फक्त त्याची कुस्ती निकाली होत नव्हती. 'पुरे झाले' हे कोणी सांगावयाचे, हा त्याचा प्रश्न होता. आणि जो प्रयत्न करीत जातो त्यालाच तो पडतो, बाकीच्यांस नाही.

सुटका झाली ती एका षष्ठी विभक्तीने. विटेनबर्ग येथे अध्यापक असता पौलाचे रोमकरांस पत्र तो शिकवीत होता. त्यात 'देवाचे नीतिमत्त्व' असा शब्दप्रयोग आहे. देवाचे म्हणजे देवाजवळ असलेले, ज्याच्या जोरावर तो पाप्यास शासन करतो, असा अर्थ त्याने आजवर धरला होता, आणि म्हणून तो शब्द दिसला की त्याच्या अंगावर काटा येई. पुढे त्याच्या ध्यानी आले की देवाचे म्हणजे देवाने दिलेले. एखादी लेक 'हे आईचे लुगडे' असे म्हणते तेव्हा तेही आई नेसते ते नव्हे, आईने पाठविले ते असू शकते! या एका उलगड्यातून पुढचे सारे निघाले. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने पापक्षमेच्या पत्रांविरुद्ध जाहीर केलेली विधाने, त्यानंतरचा बहिष्कार आणि युरोपातील चर्चची फाळणी ही हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत आहेच; ती येथे उगाळण्याचे कारण नाही.

हा वाद आपल्यास अपरिचित आहे असेही नव्हे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत याच प्रश्नावर दोन पंथ पडले. वडगलैंचा दृष्टांत माकडिणीच्या पिल्लाचा: आई उडी मारते खरी, पण पिल्लाने तिच्या पोटास घट्ट धरले पाहिजे. तेंगलैंचा दृष्टांत मांजरीचा: पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला मानगुटीस धरून नेते. आमच्या महाराष्ट्रात समर्थांनी प्रयत्नाची थोरवी गाइली आणि तुकोबांनी आपल्या रित्या हातांची. आम्ही दोघांच्याही तसबिरी एकाच भिंतीवर लावतो, आणि त्यांत काही विसंगती आहे हे आमच्या ध्यानीही येत नाही. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगाच नव्हे.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ झाला तो १८५२ साली आलेल्या रॉयल वाइल्डर या अमेरिकन पाद्र्याकडून. ते मिशन पुढे प्रेस्बिटेरियनांच्या हाती गेले. ते लूथरपंथी नव्हे, तथापि कृपेविषयीचे हे मूळ सूत्र दोघांनाही समान. खुद्द लूथरपंथीयांचा भोसल्यांच्या घराशी संबंध आला तो आपल्या गादीशी नव्हे, तंजावरच्या गादीशी. तेथील तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी यास श्वार्ट्झ नावाच्या जर्मन लूथरपंथी मिशनऱ्यावर सोपविले. श्वार्ट्झने त्याच्या शिक्षणाची व्यवस्था पाहिली, त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारपाशी रदबदली केली, आणि १७९८ च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. शिवालयाच्या भिंतीवर भोसलेवंशाचे चरित्र मराठीत कोरविणारे तेच. तरी या पाद्र्यासाठी त्यांनी इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे, असे ते शिल्प. त्यात मला कोठेही देण्याघेण्याचा हिशेब दिसत नाही.

पण या विषयाची खरी मराठी कहाणी पंडिता रमाबाईंची. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वर्षानुवर्षे सहकुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराणे सांगत हिंडले. गाठीचे द्रव्य त्यांनी दानधर्मात वेचले. दुष्काळ पडला तेव्हा देव प्रसन्न व्हावा म्हणून उपास, स्नाने, अनुष्ठाने यांची पराकाष्ठा केली. आणि १८७४ साली ते उपासमारीने गेले. आई व थोरली बहीण पाठोपाठ गेल्या. माणसाच्या प्रयत्नाची याहून मोठी रक्कम कोणत्या वहीत लिहिलेली असेल? रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि येथे गोष्ट संपावी असे वाचकांस वाटेल. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या निराळेच सांगतात. आपल्यास ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तारण हे कमवावयाचे नसून घ्यावयाचे असते हे उमजण्यास बाप्तिस्म्यानंतरही आणखी आठेक वर्षे लागली, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ आहे. मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. धर्म बदलला तरी जमाखर्चाची वही तीच राहू शकते! धर्मांतराचे गोडवे गाणारे आणि त्यावर तुटून पडणारे, दोघेही हे पृष्ठ घाईने उलटतात.

आणि या बाई आळशी झाल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावी मुक्तिसदन उभारून शेकडो निराधार स्त्रियांस त्यांनी हाताला काम व डोक्यावर छप्पर दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले व ते पुरे करून १९२२ साली देह ठेवला. लूथरचा जर्मन नवा करार १५२२ सालचा. बरोबर चारशे वर्षांचे अंतर पडले, हा निव्वळ योगायोग असला तरी नमूद करावासा वाटतो. १५२० सालच्या आपल्या निबंधात लूथरने हेच म्हटले होते की सत्कृत्यांची देवास गरज नाही, शेजाऱ्यास आहे. देवाशी हिशेब मिटलेला असला म्हणजे हात मोकळे होतात आणि ते शेजाऱ्याच्या कामी येतात. वडिलांनी देवासाठी द्रव्य वेचले. मुलीने माणसांसाठी आयुष्य वेचले. अनंतशास्त्र्यांविषयी मला अनादर नाही. बायकोस संस्कृत शिकविले म्हणून ज्यांनी लोकापवाद सोसला त्यांच्याविषयी तो कसा असेल?

या मताने माणूस मऊ होतो अशी मात्र ग्वाही देता येत नाही. १५२५ साली बंड करणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध आणि १५४३ साली यहुद्यांविरुद्ध लूथरने जे लिहिले ते वाचून मान खाली जाते. ज्याला फुकट क्षमा मिळाली त्याने दुसऱ्यास ती देताना इतका कृपण व्हावे, याचा उलगडा मला होत नाही. आणि त्याचे अनुयायी तो करू लागले की मी विषय बदलतो. ज्या प्रश्नावर चर्च दुभंगले त्यावर लूथरपंथीयांनी आणि रोमने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जवळजवळ पाचशे वर्षे लागली!

लूथरपंथीय तान्ह्या बालकास बाप्तिस्मा देतात. त्या मुलास काय कळते, असे आक्षेपक विचारतात. काहीच कळत नाही, हेच तर त्यांचे उत्तर. हा मुद्दा मी पुस्तकांतून पुष्कळदा वाचला होता, पण त्याचे वजन कळले ते आमच्या आत्याबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांत. चाळीस वर्षे त्यांनी अंबाबाईची काकड आरती चुकविली नव्हती. सारी स्तोत्रे मुखोद्गत. म्हातारपणी स्मृती गेली. प्रथम स्तोत्रांची कडवी गळाली, मग देवीचे नाव, मग आमची नावे. घरात कुजबुज होई की आता यांच्या पुण्यात भर कशी पडावयाची? पुरोहितांनी दिलासा दिला की मागली शिल्लक मोठी आहे, चिंता नको. त्यांचा हेतू चांगला होता, पण ऐकून मला धास्तीच वाटली. शिल्लक म्हटली की ती संपण्याचे भय आलेच.

शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती मास्तर राहत. ते रोज सायंकाळी येऊन आत्याबाईंपाशी घटकाभर बसत. त्यांनी कधी उपदेश केला नाही. एकदा मी न राहवून त्यांस विचारले, "मास्तर, ज्याला देवाचे नावही आठवत नाही त्याने काय करावयाचे?" ते म्हणाले, "अहो, आजवर त्यांनी देवाला धरले होते. आता त्यांचा हात सुटलाय. देवाचा कुठे सुटलाय?" आणि त्यांच्या अंगावरची घसरलेली शाल नीट करून ते उठले.

आत्याबाईंची एक सवय तेवढी शेवटपर्यंत राहिली. कोणीही जवळ गेले की त्या उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे करीत, तीर्थ घ्यावयास करतात तसा. वैद्य आले तरी, दूधवाला आला तरी. आम्ही पंचपात्रीतील पळीभर पाणी त्यावर घालीत असू, आणि त्या ते पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवीत.